रंजूच्या नावावर एकशे शहाऐंशी पाहुणे

रंजू झोपली की रीताचं ऑफिस उघडायचं आणि रंजू उठली की बंद व्हायचं. नागपूरच्या कंपनीला पत्ता नव्हता, पण तिच्या कामाचे तास खैरबोडी गावातली दहा महिन्यांची एक मुलगी ठरवत होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि एकीकडे पाळणा, दुसरीकडे जावा भाषेतला प्रोग्राम, असं दोन्ही हलवत राहायचं. पाळणा थांबला की जावाही थांबायचा.

सासूबाई कुसुमताई मागाच्या खोलीत कांड्या भरता भरता आत डोकावून जायच्या. "बसल्या बसल्या काय काम होते वं हे? ना खटका, ना आवाज."

या वेळचं काम तसं सोपं होतं. भंडारा, तुमसर, साकोली इकडे शाळा असलेल्या एका खासगी शिक्षण संस्थेला आपल्या शिक्षकांना प्रशिक्षणाची बोलावणी ईमेलने धाडायची होती. त्या मेलचा साचा रीताने बनवायचा होता. सासरे नंदलालजी एका दुपारी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसले.

"म्हंजे दरेक मास्तरले येगळं पत्र लिहाचं?"

"नाही मामाजी. पत्र एकच. नाव, शाळा, तारीख यांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. प्रोग्राम यादीतलं एकेक नाव उचलतो आणि तिथं बसवतो."

नंदलालजींनी चहाचा घोट घेतला. चाळीस वर्षं कोशाचं रेशमी कापड विणलेला माणूस. "म्हंजे उभा ताना एकच, आडवा बाना बदलते."

रीताला इतका आनंद झाला की तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. हेमराज, म्हणजे तिचा नवरा, भंडाऱ्याच्या दुकानातून रोज रात्री येऊन हेच विचारायचा आणि रोज त्याला समजायचं नाही. सासऱ्यांना एका घोटात समजलं होतं.

"मग माह्या मंडईची चिठ्ठी बी टाक ना त्याच्यात," नंदलालजी म्हणाले. "पाहू त, कशी दिसते."

भाऊबीज झाली होती आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या होत्या. खैरबोडीची मंडई गुरुवारी होती. साचा तपासायला काहीतरी मजकूर लागतच होता. नंदलालजींनी सांगितलं, रीताने जसंच्या तसं टाइप केलं. मग ते मागावर परत गेल्यावर स्वतःच्या पत्त्यावर एक मेल पाठवून बघावा म्हणून तिने बटण दाबलं.

पडद्यावर आकडा फिरू लागला. एक यायला हवा होता. बारा आला. चाळीस आला. रीताचा अंगठा थांबला, पाळणा थांबला, आकडा मात्र एकशे शहाऐंशीवर जाऊन मगच थांबला.

सकाळी नावं बरोबर बसतात का ते पाहायला तिने खरी यादी जोडली होती. परत चाचणीची यादी जोडायची राहून गेली होती. रंजू उठली होती ना मधे!

मेल गेला तो असा:

"आदरणीय श्री. लिलाधर गुरुजी,
विषय : एकदिवसीय प्रशिक्षण.
आमच्या खैरबोडीची मंडई गुरुवारी हाय. लेकराबाळांसकट या. जेवण नंदलाल कोष्ट्याच्या घरी. बरबटीचे वडे हायेत. न आल्यास आमाले वाईट वाटेल.
उपस्थिती अनिवार्य. गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा सादर करावा. येताना ओळखपत्र आणावे."

वरचा विषय आणि खालची तंबी हे संस्थेचं कायमचं छापील. साच्यात आधीपासून घट्ट बसवलेलं. मधला भाग मामाजींचा. ज्यांचा नुसता पत्ता यादीत होता, नाव नव्हतं, त्यांच्या नावाच्या जागी प्रोग्रामने आपल्या मनाने 'नल' असं लिहिलं होतं. जावाला माणसाचं नाव सापडलं नाही की तो असंच करतो.

रीताने अतुल सरांना फोन लावला. अतुल सर म्हणजे नागपूरचे तिचे साहेब. सहा महिने घरून काम करायची परवानगी त्यांनीच मालकांशी भांडून मिळवून दिली होती.

"सर, एक चूक झाली. सगळ्या शिक्षकांना मेल गेला."

"कसा काय गेला?"

पाळण्यात रंजू गाढ झोपली होती. एक अंगठा तोंडात होता. दुसरा हात पाळण्याबाहेर लोंबत होता, मोकळा, गुबगुबीत, बिनकामाचा. रीताने त्या हाताकडे पाहिलं.

"सर, ते... माझ्या मुलीनं कीबोर्डवर हात मारला."

अतुल सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे! बदमाश हाय का पिल्लू? जाऊ दे, टेन्शन नको घेऊ. रद्द झाल्याचा मेल टाकून दे लगेच."

फोन ठेवला तेव्हा रीताचे कान गरम झाले होते. रंजूने झोपेतच ओठ चोखले. रीताने तिचा हात उचलून पाळण्यात आत ठेवला, जणू आता कोणी तो ओळखेल.

रद्द केल्याचा साचा संस्थेने कधी मागितलाच नव्हता. त्यांचं प्रशिक्षण कधी रद्द व्हायचंच नाही. रीताने घाईघाईने मधला मजकूर खोडून लिहिलं, "सदर कार्यक्रम रद्द करण्यात आला आहे." आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की वरची आणि खालची पट्टी तशीच आहे.

एकशे शहाऐंशी शिक्षकांना दुसरा मेल मिळाला: "विषय : एकदिवसीय प्रशिक्षण. सदर कार्यक्रम रद्द करण्यात आला आहे. उपस्थिती अनिवार्य. गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा सादर करावा."

शिक्षकांनी आपसात फोन केले आणि शिक्षकी पद्धतीने अर्थ लावला. विषय प्रशिक्षणाचा, म्हणजे प्रशिक्षण रद्द. मंडई रद्द झाल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. उपस्थिती मात्र अनिवार्य. निघालंच पाहिजे.

संध्याकाळपर्यंत खुलासे यायला लागले. "भाचीचा साक्षगंध असल्याने मंडईस येऊ शकत नाही, क्षमस्व, पत्रिका जोडली आहे." "पाय मुरगळला आहे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत." आणि न येणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त होते. "आम्ही पाच जण येत आहोत, पैकी सासूबाई तिखट खात नाहीत." रीता एकेक मेल उघडत गेली आणि एकेक मेलागणिक जमिनीत रुतत गेली.

आता घरी सांगणं भाग होतं. तिने सांगितलं. 'मी' या शब्दाशी आल्यावर जीभ अडखळली, आणि एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"रंजूनं?" कुसुमताईंच्या हातातली कांडी खाली पडली. "बाप्पा! जिले अजून चारच दात हायेत, तिनं दोनशे लोकाइले जेवाले बोलावलं?"

नंदलालजी मात्र उठून उभे राहिले. रागावतील म्हणून रीताने मान खाली घातली होती. त्यांनी पागोटं झटकून डोक्यावर ठेवलं.

"माह्या नातीनं बोलावलं हाय," ते म्हणाले. "त पोट भरूनच जातील."

आणि ते पानठेल्यावर जाऊन सगळ्या गावाला सांगून आले.

दुसऱ्या दिवशी नळावर रीता कळशी भरत होती तेव्हा गल्लीतली शकुनबाई दुसऱ्या बाईला सांगत होती, आवाज न दाबता. "लेकरू मशीनवर बसून चिठ्ठ्या धाडून राहिलं, अन् माय कोणीकडं पाहून राहिली होती?" बाईचं बरोबर होतं, फक्त जे झालं नव्हतं त्याबद्दल. रीता अर्धीच कळशी घेऊन परतली.

घरी आली तर पाळणा जागेवर नव्हता. कुसुमताईंनी तो उचलून मागाच्या खोलीत नेला होता.

"आता त्या डब्ब्याजवळ लेकरू नाई पाहिजे मले," त्या म्हणाल्या. "तू तुहं काम कर. मी पाहतो तिले."

"आई, तिचा काही दोष नाही. ती तर..."

"तू तिची बाजू नको घेऊ. माय हायेस म्हनून काय लेकराचं सारंच पोटात घालशीन?"

रीता एकटी लॅपटॉपसमोर बसली. घरात पहिल्यांदाच तिला काम करायला पूर्ण मोकळीक मिळाली होती आणि एक ओळ लिहवत नव्हती. पलीकडून मागाचा खटखटाट यायचा, मधेच रंजूचं रडणं, मग सासूबाईंचं "अले अले". रीताच्या पायाचा अंगठा दोरी नसतानाही पुढे-मागे होत होता. गुन्हा तिचा आणि हद्दपार झाली होती रंजू, जिला साधी जबानीही देता येत नव्हती.

गुरुवार उजाडला. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या मैदानावर आकाशपाळणे लागले, जिलबीवाले आले आणि दहाच्या सुमाराला बसमधून शिक्षक उतरू लागले. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. मागे नटलेल्या बायका, लेकरं, कोणाची तिखट न खाणारी सासू.

"मॅडम, सही कुठं करायची?" पहिल्याच गृहस्थांनी विचारलं.

"सही नाही लागत सर."

"असं कसं? अनिवार्य लिहिलं होतं ना!"

शेवटी रीताने रंजूच्या लसीकरणाच्या फाइलमधला एक कोरा कागद काढून दिला. रांग लागली. एक म्हातारे गुरुजी सगळ्यात मागे उभे होते. नाव विचारलं तर म्हणाले, "तसा मी नत्थू. पण संस्थेत आजकाल नल म्हणतात वाटते," आणि कागदावर तसंच लिहिलं.

मोजता मोजता आकडा सव्वाशेच्या पुढे गेला. कुसुमताईंनी वड्यांच्या टोपल्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा शेजारची सखाबाई कमरेला पदर खोचून अंगणात आली. तिचा नवरा इतवारी बोडीत मासे धरायचा; त्याच्या खांद्यावर ओली टोपली होती.

"काहून तोंड पाडून बसल्या, कुसुमताई? मंडईचा पाहुना एका घरचा रायते का? चार मास्तर मले द्या. मासोळ्या खाणारे पाहून द्या."

मग गल्लीत घराघरातून आवाज आले. "दोन इकडं!" "आमच्याकडं ते बुडे गुरुजी धाडा!" अर्ध्या तासात सगळे पाहुणे गावभर वाटले गेले. शकुनबाईने एकटीने सात नेले आणि जाताना रीताकडे पाहून म्हणाली, "पोरगी तुही गुनाची हाय. गाव भरून टाकलं."

रीताला वाटलं, यापेक्षा नळावरचं बोलणं बरं होतं.

जेवणं उरकल्यावर सगळे पुन्हा नंदलालजींच्या अंगणात जमले. शिक्षक जमले म्हणजे सत्कार होणारच. रुखमिणी मॅडम तुमसरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी मंडईतूनच शाल आणि नारळ विकत आणला होता.

"माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत," त्या म्हणाल्या, "शंभर प्रशिक्षणं झाली. जेवायला या म्हणणारं हे पहिलंच. ज्या चिमुकलीच्या हातून हे घडलं, तिला पुढं आणा."

टाळ्या झाल्या. कुसुमताईंनी रंजूला आणलं. डोळ्यांत काजळ, अंगावर नवं झबलं. शाल तिच्यावरून दोनदा गुंडाळली तरी उरली. रंजूने नारळाची शेंडी तोंडात घातली आणि आपल्या आईकडे पाहून हसली, सगळे चार दात दाखवून.

ते हसू रीताच्याने सोसवलं नाही.

"तिनं नाही केलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला परत म्हणावं लागलं. "रंजूनं नाही केलं. बटण मी दाबलं. यादी बदलायची मी विसरले. ती झोपली होती तेव्हा. मी खोटं बोलले. साहेबांशी बोलले, घरी बोलले, सगळ्यांशी बोलले."

नंदलालजींनी पागोटं काढून हातात घेतलं. रीताचे डोळे जमिनीला खिळले होते. आता जे व्हायचं ते होऊ दे.

कोणीतरी नाक ओढलं. मग आणखी एकाने. रीताने वर पाहिलं तर सखाबाई पदराने डोळे पुसत होती.

"माय ते माय असते गा," ती म्हणाली. "लेकरावरचा आळ सोताच्या डोक्शावर घेऊन राहिली."

"नाही, खरंच मी..."

"राहू दे वं," शकुनबाई गहिवरून म्हणाली. "मले बी पोरं हायेत."

रुखमिणी मॅडमनी रीताचे दोन्ही हात धरले. "मुलांची नावं सांगून सुटणाऱ्या आया माझ्या ऑफिसात रोज येतात. मुलाचं स्वतःवर घेणारी आज पाहिली." त्यांनी दुसरा नारळ मागवला. रीता "नाही, नाही" म्हणत गेली आणि प्रत्येक 'नाही'ला टाळ्यांचा आवाज वाढत गेला.

कुसुमताई पुढे आल्या. शालीसकट रंजूला उचललं आणि रीताच्या कडेवर दिलं.

"चुकलं माहं," त्या पुटपुटल्या. "माय-लेकराले दूर नाई कराले पाहिजे होतं मी. उद्यापासून पाळणा तुह्याजवळच राहीन."

रीताने रंजूला छातीशी घट्ट धरलं. ती परत मिळाली होती, आणि तीही चोरीच्या मालासारखी. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात लेक, आणि बोललेल्या खऱ्याला अख्ख्या गावात एकही गिऱ्हाईक नाही.

रंजूने नारळ सोडून आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. त्या दुपारी नेमकं काय झालं याची, झोपेत का होईना, ती एकटीच साक्षीदार होती, आणि गेल्या दोन दिवसांपासून ती "ब... ब... ब..." असं काहीतरी म्हणायला लागली होती.

सगळ्या गावाला वाटायचं ती 'बाबा' म्हणणार. रीताला मात्र धास्ती होती, पुढची अक्षरं 'ट' आणि 'ण' निघतात की काय.