यंत्राने पास केलेलं सरबत

सरबत करणं ही काही कला नाही, ते निव्वळ मोजमाप आहे. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. आता ऐकवत नाही.

मी जॅमच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे एक ओटा, एक बेसिन, एक कुरकुरणारा फ्रीज आणि एक पंखा आहे. पंखा वारा देत नाही, गरम हवा या भिंतीकडून उचलून त्या भिंतीला नेऊन देतो. जॅमची कढई उतरवण्याआधी त्यातला थोडा माल वाटीत माझ्याकडे येतो. माझ्याकडे वीतभर लांबीचं, दुर्बिणीसारखं एक यंत्र आहे. काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आतल्या पट्टीवर गोडीचा आकडा दिसतो. आकडा बरोबर असला की मी मान हलवते आणि कढई उतरते.

मी चव घेत नाही. एक तर कॉलेजात आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की प्रयोगशाळेतली कुठलीही गोष्ट तोंडात घालायची नाही. ते मी इतकं मनावर घेतलं, की स्वतःच्या स्वयंपाकघरातही आमटीकडे संशयाने बघते. आणि दुसरं म्हणजे, दिवसभर उकळत्या फळांच्या वासात उभं राहिलेल्या बाईला संध्याकाळी फळ दिसलं तर ती तोंड फिरवते. मला कुणी स्ट्रॉबेरी दिली तर मी तिला नमुना म्हणून बाटलीत भरेन.

तर या उन्हाळ्यात मला आठ दिवसांची सुट्टी हवी होती. उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. फळं उन्हाळ्यात येतात, त्यामुळे उन्हाळ्यात सुट्टी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. तरी मी साहेबांकडे गेले.

"कुठे जाणार आहात?" साहेबांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग सुट्टी कशाला?"

"पडून राहायला."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या डोळ्यांखाली जे काही होतं ते बहुधा माझ्या बाजूने बोललं. ते म्हणाले, "मॅडम, सुट्टी देतो, सोमवारपासून. पण माझं एक काम करा. पॅकिंगच्या हॉलमधले पंखे बंद पडलेत आणि दुरुस्तीवाला रोज उद्या येतो. लोक चिडलेत. शनिवारी सगळ्यांना काहीतरी थंडगार द्यायचं माझ्या मनात आहे. बाटल्या विकत आणायच्या नाहीत, आपण फळांची माणसं आहोत. तुम्ही करा. शास्त्रशुद्ध."

एका सरबताच्या बदल्यात आठ दिवस झोप. मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

कारखान्यात नळाचं मोठं स्टीलचं पिंप होतं, ते शुक्रवारी संध्याकाळी घरी आणलं. कलिंगडं, संत्री, लिंबं आणि पुदिना एवढंच सामान होतं. नवरा मदतीला उभा राहिला. तो उत्साही आहे. दमलेल्या बायकोला उत्साही नवरा मिळणं हे एक वेगळंच दमवणारं प्रकरण असतं. त्याने त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे जुने डबे काढून टाकून एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या होत्या. ओळीने उभ्या केल्यावर त्या इतक्या सुंदर दिसायच्या, की कशात काय आहे हे विचारायला संकोच वाटावा.

"चिठ्ठ्या कधी लावणार?" मी विचारलं होतं.

"चिठ्ठ्यांनी शोभा जाते," तो म्हणाला होता.

रस काढून, गाळून, पाणी घालून पिंप भरलं. एक थेंब काचेवर ठेवला. यंत्राने नऊ दाखवले. मला अकरा हवे होते. थंड पेयाला अकरा हा सभ्य आकडा आहे. त्याच्या खाली ते पाणचट लागतं आणि वर गेलं की चिकट.

"पिठीसाखर दे," मी यंत्रावरचा डोळा न काढता म्हणाले. "लवकर विरघळेल."

"डावीकडची बरणी," नवरा ओट्याच्या पलीकडून म्हणाला. तो तिथे कलिंगडाच्या साली गोळा करत होता.

मी डावीकडची बरणी उचलली, थोडं थोडं घालत गेले, ढवळत गेले, थेंब काढत गेले. पिठीसाखर इतकी पटकन विरघळते हे मला नवीनच होतं. बरणी अर्ध्यावर आली आणि आकडा अकरावर येऊन थांबला. मग आंबटपणा मोजला. तोही चोख. मी यंत्र पुसून पेटीत ठेवलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "अगं, एक घोट चाखून तरी बघ."

"आई, चाखणं म्हणजे अंदाज. हे मोजलेलं आहे."

"बरं, मग मी चाखते."

"तुम्हाला साखर वर्ज्य आहे ना? डॉक्टर काय म्हणालेत?"

"घोटभराने काय होतंय?"

"घोटाघोटानेच होतं, आई."

त्या आत निघून गेल्या. पण जाताना त्यांनी पिंपाकडे असं पाहिलं, की जणू त्यांच्या हक्काचं काहीतरी त्यात बुडालं होतं.

शनिवारी भर दुपारी पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळे जमले. बंद पंख्यांखाली पिंप ठेवलं, वरून कारखान्याच्या शीतगृहातला बर्फ टाकला. लालसर सरबत, त्यात पुदिन्याची पानं, बाहेरून पिंपाला फुटलेला घाम, असं सगळं फार देखणं दिसत होतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सोमवारचा विचार करत होते.

साहेबांनी छोटंसं भाषण केलं. "हे साधं सरबत नाही. आपल्या मॅडमनी प्रयोगशाळेच्या यंत्राने मोजून केलं आहे. प्रत्येक घोट शास्त्रीय आहे. घामातून शरीराचं जे जे जातं, ते ते यातून परत मिळणार."

हे शेवटचं वाक्य त्यांना कुठून सुचलं कोण जाणे. पण पुढचा सगळा घोळ त्या वाक्याने वाढवला.

पहिला ग्लास पॅकिंगच्या ताईंनी घेतला. या ताई हॉलच्या प्रमुख. झाकण तिरकं बसलेली बाटली त्या दहा पावलांवरून ओळखतात. त्यांनी घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा दार लागल्यासारखा बंद झाला. मग त्यांनी घोट गिळला. तो गळ्यातून खाली जाताना मला लांबूनही दिसला.

"कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"वेगळं आहे," ताई म्हणाल्या.

दुसऱ्याने घेतला. "औषधी वाटतंय."

तिसरा म्हणाला, "शास्त्रीय आहे, कळतंय."

साहेबांनी स्वतःचा ग्लास एका दमात रिकामा केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, भावना आहेत. "घामातून जे जातं..." त्यांनी सुरुवात केली, पण वाक्य पुरं न करता ते पाण्याच्या कूलरकडे गेले. त्यांच्या मागे एकेक करत सगळा हॉल कूलरकडे गेला. मला त्यात काही खटकलं नाही. उन्हाळ्यात माणसं पाणी पितातच. पाचच मिनिटांत कूलर रिकामा झाला, तेव्हा मात्र मी स्टुलावरून मान उचलली.

तेवढ्यात बॉयलरकाका उशिरा आले. बॉयलर सांभाळणारा हा माणूस अतिशय भिडस्त आणि सरळ आहे. साहेबांचं भाषण त्यांनी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला काय लागायला हवं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, जरा खारट आहे का हो?"

हॉलमध्ये सुटकेचा एक मोठा सुस्कारा ऐकू आला. "हो ना!" "खारटच आहे!" "मला वाटलं, माझंच तोंड आलंय!"

साहेब माझ्याकडे वळले. मी उठून उभी राहिले आणि अत्यंत शांतपणे, मुद्देसूद बोलले. त्या मुद्देसूदपणाची मला अजून लाज वाटते.

"काल संध्याकाळी मी मोजलं तेव्हा सगळं बरोबर होतं," मी म्हणाले. "त्यानंतर त्यात एकच गोष्ट पडली आहे. बर्फ."

"बर्फ कुठल्या पाण्याचा?" साहेबांनी विचारलं.

"आपल्याच लाइनचा."

सगळ्या माना बॉयलरकाकांकडे वळल्या. कारण असं, की बॉयलरचं पाणी मऊ करायची, म्हणजे त्यातले क्षार काढायची, एक टाकी आहे, आणि ती टाकी धुवायला काका दर आठवड्याला तिच्यात मिठाची पोती रिकामी करतात. एक झडप चुकून उघडी राहिली, तर ते मिठाचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये जाऊ शकतं. आणि त्याच लाइनचं पाणी जॅममध्येही जातं.

साहेबांचा रंग उतरला. "कढया थांबवा. आजचा एकही डबा बाहेर जाणार नाही. मॅडम, सगळे नळ तपासा. आणि दोष सापडेपर्यंत सुट्टीचं नाव काढू नका."

झालं. माझे आठ दिवस तिथेच, त्या पिंपाशेजारी, विरघळून गेले.

मी बाटल्या घेऊन फिरायला लागले. गच्चीवरची टाकी, कढयांचा नळ, कूलरच्या तळाशी उरलेलं पाणी, हात धुवायचं बेसिन. पाण्यात मीठ आहे का हे बघायला त्यात एका औषधाचे थेंब टाकतात. मीठ असेल तर पाणी दुधासारखं होतं. एकही पाणी दुधासारखं झालं नाही. उरलेला बर्फ वितळवून तपासला. निर्मळ.

"परत तपासा," साहेब म्हणाले.

बॉयलरकाका माझ्यामागून बाटल्यांची टोपली घेऊन फिरत होते. "मॅडम, मी झडप बंद केली होती."

"मग झालं तर."

"की नव्हती केली? मला आता काहीच आठवेनासं झालंय. घराला कुलूप लावलं तरी मी वळून येऊन ओढून बघतो हो. नोकरीची शेवटची वर्षं आहेत, मॅडम. जाताना माझ्या नावावर एवढा माल फुकट गेल्याचं नको."

नळही निर्दोष होते आणि काकाही रडवेले होते. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या.

जिन्यात पॅकिंगच्या ताई भेटल्या. जरा चाचरतच म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नका. ते तुमचं औषध एकदा तुमच्या सरबतातही टाकून बघता का?"

"ताई," मी थोड्या थंडपणे म्हणाले, "सरबत मोजलेलं आहे."

दुसरी फेरी संपली तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते. घसा सुकला होता. कूलर रिकामा. पॅकिंगच्या हॉलमध्ये कुणी नव्हतं, नुसतं पिंप उभं होतं, मघासारखंच देखणं. आयुष्यात पहिल्यांदा मला फळाचा रस प्यावासा वाटला. मी ग्लास भरला आणि तोंडाला लावला.

समुद्रात पडलेलं कलिंगड कुणी खाल्लं असेल, तर त्याला सांगायची गरज नाही.

मी स्टुलावर बसले. मग मला आठवलं, की त्या यंत्राला गोड कळत नाही. पाण्यात काहीतरी विरघळलं आहे, एवढंच त्याला कळतं. ती साखर आहे की मीठ, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवते.

नवऱ्याला फोन लावला.

"काल तू डावीकडची बरणी म्हणालास."

"हो."

"कुणाची डावीकडची?"

"माझी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तू समोर उभी होतीस, नाही का?"

"होते."

"मग आज सकाळी आईने हट्ट केला म्हणून तुझ्या बाजूला उभं राहून तिच्या चहात मी डावीकडच्या बरणीतलं... तरीच ती काही न बोलता चहा ओतून आली."

मी फोन ठेवला. गप्प बसता आलं असतं. नळ निर्दोष निघाले होते, दोन दिवसांत सगळे विसरले असते. पण बाहेर पायरीवर काका टोपली मांडीवर घेऊन बसले होते, आणि हाताने हवेत एक झडप बंद करून बघत होते. उघडून, परत बंद करून.

मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. बरणी, डावं-उजवं, यंत्र, सगळं. मी बोलत असताना कुणी हसलं नाही, आणि ते जास्त अवघड होतं.

"म्हणजे माझी टाकी बरोबर आहे?" काकांनी विचारलं.

"अगदी बरोबर, काका. चूक माझी आहे."

काकांनी मोठा श्वास घेतला आणि आनंदाच्या भरात हाताशी असलेला सरबताचा ग्लास रिकामा केला. मग त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांनी तक्रार केली नाही.

साहेबांनी पिंपाकडे पाहिलं. त्यांनी अख्खा ग्लास प्यायला होता, वर भाषणही केलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सोमवारपासून सुट्टी मागितली होती."

"हो," मी म्हणाले. आता काय ऐकायचं ते मला कळलंच होतं.

"सोमवारपासून नको."

मी मान खाली घातली.

"आत्तापासूनच घ्या," साहेब म्हणाले. "आणि आठ पुरतील का तेही बघा."

एवढं एकमत मी त्या कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं. ताईंनी माझी पर्स आणून दिली. काकांनी पिंप रिकामं केलं आणि मला रिक्षात बसवलं. पहारेकऱ्याने फाटक आधीच उघडून ठेवलं होतं.

सुट्टीचे पहिले दोन दिवस मी खरोखर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी मात्र चैन पडेना. पुन्हा कलिंगड आणलं, संत्री, लिंबं आणि पुदिना आणला. बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, नवऱ्याची शोभा गेली तर गेली. या वेळी साखर आधी चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली, मग घातली. यंत्र पेटीतच ठेवलं. छोट्या वाटीत घोटभर सरबत ओतून मी ते सासूबाईंच्या हातात दिलं.

"डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"घोटभराने काही होत नाही, आई."

त्यांनी सावकाश घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे, साहेब माझ्या यंत्राकडे बघतात तसं बघत राहिले.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "पण अगं, चिमूटभर मीठ घालायचंस की."