बिनअंगठ्याची मोजणी

आमच्या गल्लीत त्रेचाळीस घरे आहेत आणि नगरपालिकेच्या नकाशावर ती वीस फूट रुंद आहे. नकाशा कार्यालयात काचेखाली ठेवलेला असल्यामुळे त्यावर कधी कुणाची हातगाडी अडकली नाही. प्रत्यक्ष गल्ली बारा फुटांची होती. उरलेले आठ फूट कुठे गेले, हे मला विचाराल तर सांगू शकेन, कारण मी गवंडी आहे. गल्लीतले बहुतेक ओटे, पायऱ्या आणि पुढे काढलेल्या खोल्या मीच बांधल्या. माझा स्वतःचा जिनाही बाहेरूनच चढतो.

हे सारे कागदावर सरळ ठेवण्याचे काम मोजणी कारकुनाचे. माणूस अतिशय सभ्य. रस्त्याच्या मध्यापासून प्रत्येक भिंत दहा फुटांवर हवी, असा नियम. कारकून रस्त्याच्या मध्यावर उभा राही आणि फीत धरी. पण फितीचे टोक न धरता पहिले चार फूट गुंडाळून मुठीत घेई आणि चाराच्या आकड्यावर अंगठा दाबून तिथून मोजणी सुरू करी. त्यामुळे सहा फुटांवरची भिंत फितीवर दहा फुटांवर येई. भिंत खूश, नियम खूश. या अंगठ्याचे घरटी ठरलेले असे आणि ते दरवर्षी दिले जाई. त्याला लाच म्हणावी, असे कुणाच्या मनातही आले नव्हते. आम्ही त्याला ‘अंगठा’च म्हणत असू.

त्या वर्षी कारकुनाने अंगठा महाग केला.

गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचे दुकान. पुढे काढलेल्या चार फुटांत त्याचे मशीन, कारण उजेड तेवढाच. मागच्या खोलीत भर दुपारीही काळा आणि निळा दोरा सारखाच दिसतो. वाढीव मागणी ऐकून शिंपी संतापला.

“घेतो याबद्दल माझं काही म्हणणं नाही,” तो मला म्हणाला. “माणसाला घर असतं, पोरंबाळं असतात. पण न सांगता वाढवायचं म्हणजे भ्रष्टाचार झाला, मिस्त्री.”

त्याने तक्रार केली. सापळा लागला. कारकून दुकानातच पकडला गेला, तोही सदऱ्याचे माप देत असताना, त्यामुळे हात वर करायला सांगावे लागले नाही.

नेमक्या त्याच सुमारास नवीन योजना आली होती. भ्रष्ट कर्मचाऱ्यास कोणती शिक्षा व्हावी, हे ज्यांना त्रास झाला त्या नागरिकांनीच सभा घेऊन ठरवावे, असे परिपत्रक निघाले. वाचनालयाच्या सभागृहात सभा भरली. औषधवाले अध्यक्ष झाले. कारकुनाला पहिल्या रांगेत बसवले, म्हणजे त्याला नीट ऐकू यावे.

निवृत्त मास्तर म्हणाले, हात तोडावेत. पाववाला म्हणाला, तोंडाला काजळी फासून गावभर फिरवावे, काजळी माझ्या भट्टीची घ्या. केस कापणाऱ्याने अर्धी मिशी उतरवून देण्याची तयारी दाखवली, तीही मोफत. प्रत्येक सूचनेला टाळ्या पडत होत्या. कारकून शांतपणे ऐकत होता. एकदा त्याने जांभईसुद्धा दिली.

मग शिंपी उठला. “मी काय म्हणतो, ह्याला कामावरच ठेवा. गल्लीच्या तोंडाशी टेबल द्या. एक वर्ष ह्यानं त्याचंच काम करायचं. पण कुणाकडून काही न घेता, आणि नियमाप्रमाणे.”

एवढी क्रूर कल्पना कुणालाच सुचली नव्हती. कारकून त्या दिवशी पहिल्यांदाच उभा राहिला.

“अध्यक्षसाहेब,” तो म्हणाला, “त्या अर्ध्या मिशीचं बघा ना काहीतरी.”

पण ठराव एकमताने मंजूर झाला. पाण्याचा पेलाही स्वीकारायचा नाही. स्वीकारल्यास शिक्षा एक वर्षाने वाढेल.

पहिला महिना आम्ही सणासारखा घालवला. टेबल मांडले गेले. कारकून घरून पाण्याची बाटली आणी आणि तीसुद्धा टेबलाखाली ठेवी. शेवटच्या घरातल्या मावशींचे काम सगळ्यांत आधी झाले. या मावशी पूर्वी शाळेत शिपाई होत्या. घंटा त्याच वाजवत, त्यामुळे गल्लीतली निम्मी माणसे अजून त्यांना पाहून शर्टाचे वरचे बटण लावतात. त्यांचे यजमान, आमचे काका, गेल्यापासून घरपट्टीवर मावशींचे नाव लागत नव्हते. चार वर्षे हेलपाटे घातले होते. कारकुनाने नऊ मिनिटांत नाव लावले आणि वर “बसा” म्हणाला. आम्ही लांबून पाहत होतो. डोळ्यांत पाणी आले.

मग पाववाल्याला कर्जासाठी घराचा दाखला हवा झाला. दाखल्याला मोजणी लागते. कारकून फीत घेऊन रस्त्याच्या मध्यावर उभा राहिला. फितीचे टोक जमिनीला टेकवले, अंगठा टोकावर ठेवला आणि भिंत सहा फुटांवर आली.

“काहीतरी चुकतंय,” पाववाला म्हणाला. “दरवर्षी दहा येतात.”

“दरवर्षी चार माझ्या मुठीत असायचे.”

“मग आताही असू द्या की.”

“मला शिक्षा झालीय,” कारकून नम्रपणे म्हणाला आणि नोटीस लिहून दिली. शासनाच्या दृष्टीने पाववाल्याची भट्टी भर रस्त्यात होती आणि ती वाहतुकीला अडथळा करत होती. हे तसे खरेच होते, पण इतक्या स्पष्टपणे कुणी बोलले नव्हते.

एका घराला नोटीस दिल्यावर दोन्ही बाजूंची घरे मोजावीच लागतात, असे पोटकलम आहे. आणि त्यांच्या बाजूंची. दीड महिन्यात मोजणी गल्लीच्या तोंडाशी पोचली.

“अहो, तक्रार मीच केली होती ना?” शिंपी म्हणाला.

“म्हणून तर मोजतोय. तक्रार व्हायच्या आधी मी कुठं मोजत होतो?”

लोकांनी काही उपाय करून पाहिले. केस कापणाऱ्याने टेबलावर जेवणाचा डबा विसरल्यासारखे केले. कारकुनाने त्याला डब्याची पोच दिली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि डबा ‘जप्त वस्तू’ म्हणून कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्या कपाटाकडे कुणी फिरकेना. मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन समजावले, की एवढा प्रामाणिकपणा वयाला झेपत नाही.

“पहिल्यांदा नाही झेपला, मास्तर,” कारकून म्हणाला. “पण आता काय सांगू, रात्री झोप लागते. बायको म्हणते, घोरता.”

हे ऐकल्यावर मात्र आम्ही घाबरलो. शिक्षा भोगणारा माणूस कण्हत असेल तर धीर धरता येतो. हा घोरत होता.

त्रेचाळीसपैकी बेचाळीस घरांना नोटिसा लागल्या. माझ्या जिन्यालाही. सोमवारी पाडकाम सुरू होणार असे ठरले. मग औषधवाल्यांनी परिपत्रक पुन्हा बारकाईने वाचले. शिक्षा माफ करण्याची तरतूद त्यात होती. सभा घ्यायची, बहुमताने ठराव करायचा आणि कारकुनाला परत पूर्वीसारखा करायचा. सगळे एकमेकांना मिठ्या मारू लागले. तेवढ्यात त्यांनी पुढची ओळ वाचली. ज्याच्या नावे नोटीस प्रलंबित आहे, त्यास मतदानाचा हक्क राहणार नाही.

म्हणजे गल्लीत मतदार उरला एकच. मावशी. त्यांचे घर दहा फुटांवर होते, अगदी नकाशात दाखवलेल्या जागी. ते इतके मागे का, असे आम्ही त्यांना हसून विचारत असू.

सभा रविवारी संध्याकाळी ठेवली. सकाळपासून मावशींच्या दारात रांग लागली. औषधवाले जन्मभर औषधे फुकट देणार होते. पाववाला रोज पहाटे पाव पोचवणार होता. मास्तर म्हणाले, मी तुम्हाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवीन. “मला दिसतं की,” मावशी म्हणाल्या. प्रत्येकाला त्यांनी बसवले, ऐकून घेतले आणि पाठवून दिले. कुणाला हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

दुपारी शिंपी मला घेऊन गेला. त्याने बरोबर काही आणले नव्हते.

“तू काय देणार रे?” मावशींनी विचारले.

“माझ्याकडं काय आहे, मावशी? तुमची पोलकी तीस वर्षं मीच शिवतोय.”

“बगलेत काचतात.”

“पुढच्या वेळी सैल करतो.” शिंपी खाली बघत होता. “मावशी, ते चार फूट गेले तर मशीन आत जाईल. आत मला सुईचं नेढं दिसत नाही. डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. शिवण गेली तर मी दुसरं काय करू? ह्या वयात कोण ठेवील मला?”

मावशी म्हणाल्या, “काकांना नेलं तो दिवस आठवतो?”

“आठवतो ना. दवाखान्याची गाडी आत येईना म्हणून खुर्चीत बसवून नेलं. मी धरलं होतं एका बाजूनं.”

“खुर्चीचा पाय तुझ्या मशीनला अडकला.”

“हो. मी लगेच मशीन उचललं, मावशी. कपड्यासकट उचललं.”

“उचललंस,” मावशी म्हणाल्या. “आणि गाडी गेल्यावर परत तिथंच ठेवलंस.”

मी माझ्या चपलेकडे बघत होतो. त्या दिवशी खुर्ची माझ्या जिन्यालाही घासली होती, पण माझे नाव निघाले नव्हते, तेव्हा मीही ते काढले नाही.

संध्याकाळी सभागृहात मावशी एकट्या बसल्या. भोवती बेचाळीस रिकाम्या खुर्च्या. आम्ही बाहेर, खिडक्यांच्या गजांना धरून. औषधवाल्यांनाही नोटीस असल्यामुळे त्यांना अध्यक्ष होता येईना. शेवटी विषयपत्रिका कारकुनालाच वाचावी लागली.

“विषय एक. सदर कर्मचाऱ्याची शिक्षा माफ करणे,” कारकुनाने वाचले. “बाजूने हात वर करा.”

बाहेर बेचाळीस हात वर गेले. ते नोंदीत धरता येत नव्हते.

“विरोधात?”

मावशींनी हात वर केला. कारकुनाने नियमाप्रमाणे हात मोजले. एक. मग पुन्हा मोजले, कारण फेरमोजणीची तरतूद आहे. इतिवृत्तात लिहिले गेले: माफीचा ठराव उपस्थितांनी एकमताने फेटाळला.

पाडायचे काम मलाच मिळाले. कुठली वीट कुठे आहे, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक होते? माझ्याच जिन्यापासून सुरुवात केली. चार दिवसांत गल्ली वीस फुटांची झाली, म्हणजे नकाशात होती तेवढीच, आणि आम्हाला एकदम समोरच्यांची तोंडे लांब वाटू लागली. ती होतीही.

शिंपी आत बसतो. दिवसासुद्धा दिवा लावतो. दिव्यातही त्याला नेढे दिसत नाही, म्हणून सुई आणि दोरा घेऊन रस्त्यावर येतो. जिथे पूर्वी त्याचे मशीन होते तिथे, उघड्या उजेडात उभा राहतो, दोरा ओवतो आणि आत जातो. दिवसातून तीस-चाळीस वेळा. त्याच्या तोंडून कुणाविषयी वाईट शब्द निघत नाही. मावशी म्हणतात, पोलकी आता काचत नाहीत.

ही बातमी बाहेर पसरली. गावोगावच्या गल्ल्यांतून अर्ज येऊ लागले, की हा कारकून आम्हाला द्या, भ्रष्ट माणसाला अशीच शिक्षा व्हायला हवी, तुमच्या गल्लीने आदर्श घालून दिला. नोटीस नसलेल्या एकमेव नागरिक म्हणून मावशी आता सभेच्या कायम अध्यक्ष आहेत आणि अर्ज उघडण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले आहे. मी शेकडो अर्ज वाचले. अक्षर कुणाचे सुंदर, कुणाचे गिचमिड. पण शेवटची ओळ सगळ्यांची एकच: मोजणी समोरच्या रांगेपासून सुरू करावी. कित्येक गल्ल्यांतून तर दोन-दोन अर्ज आले, दोन्ही रांगांतून एकेक.

शेवटी मावशींनी नमुना अर्ज छापून घेतला. त्यात मजकूर नाही, फक्त एक रकाना आहे: पहिल्यांदा कोणते घर मोजावे? त्यात स्वतःच्या घराचा क्रमांक लिहिणाऱ्याकडे कारकून लगेच पाठवला जाईल. अर्ज वाटून सात महिने झाले. कारकून मोकळा बसून आहे, फीत गुंडाळलेली आहे.

तुम्ही इथपर्यंत मान डोलावत वाचत आलात, म्हणून एक कोरा अर्ज तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे.