नारळाचा मान आणि चांदीचं भस्म

"यंदाचा नारळ मीच नेनार! माझ्या पायांनी!" चेंदणी कोळीवाड्यात दामाजीने हे इतक्यांदा सांगितलं, की कोंबड्यांनाही पाठ झालं. खरं तर उजवा गुडघा दोन महिने जुन्या वल्ह्यासारखा कुरकुरत होता. नारळीपौर्णिमेला दामाजी नारळ घेऊन खाडीपर्यंत चालला नाही, तर तो मान चुलतभाऊ धाकूकडे जायचा. धाकूने नवी टोपीसुद्धा शिवून घेतली होती!

म्हणून सत्याऐंशीच्या श्रावणात दामाजीने खोपटच्या एसटी डेपोबाहेर चांदीचं भस्म घेतलं. तीन दिवस तीन पुड्या, अख्ख्या वाड्याला सांगत, खाल्ल्या. चौथ्या दिवशी चिमूटभर बोटांत चोळून बायकोला दाखवलं.

"बघ सगुणे! रेघांत जाऊन बसतं. इतकं बारीक, की पोटातनं थेट रगतात, रगतातनं गुडघ्यात!"

सगुणाने ते बोट साबणाने धुतलं, राखेने चोळलं, काथ्याने खसखसा घासलं. रेघा काळ्या त्या काळ्याच!

"अवो, निघत नाय हे."

"तीच तर खूण! असली माल निघतच नाय!"

"मंग बोट मी घासलं. तुमच्या किडनीला आतमंदी कोन घासनार?"

दामाजीने तडक दवाखाना गाठला.

तिथे डॉक्टर मंदाकिनीबाईंनी बोट भिंगाखाली धरलं. "धातू इतका बारीक झाला की कुठेही शिरतो. नेमक्या जागी पोचला तर औषध, नको तिथे साठला तर दुखणं. यात काय आहे, किती आहे, कुणाला ठाऊक? भस्म बंद! लघवी तपासायला द्या आणि भरपूर पाणी प्या."

"भरपूर म्हंजे किती?"

"भरपूर!"

गुडघ्याला त्यांनी घट्ट पट्टीही बांधून दिली.

दामाजी आज्ञाधारक नव्हता, पण घाबरट होता. पौर्णिमेला सकाळपासून त्याने कळशी रिकामी केली. पट्टीमुळे गुडघा शहाण्यासारखा वागत होता. बँड वाजला, नारळ हातात आला, दामाजी ऐटीत निघाला. निम्म्या वाटेवर मात्र त्याचा चेहरा बदलला. पुढे खाडी भरतीने डुचमळत होती. आणि आतून दामाजी!

"धाकू, धर हे!"

"काय झालं, दादूस? गुडघा?"

"हां, गुडघाच!" असं म्हणून दामाजी जो सुसाट पळाला, तो थेट घराच्या मोरीत!

दुखरा गुडघा इतका जोरात पळताना कोळीवाड्याने कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दारात सात जण उभे. सगळ्यांना तेच भस्म हवं होतं.

रांगेत पहिला धाकू!