ओगले सरांची चाकं

हिवाळी चाकं फक्त ओळखीच्या रस्त्याने जातात, आणि आमच्या लाल गाडीला बसतील अशा एकाही जोडाला तालुक्याच्या हॉस्पिटलचा रस्ता माहीत नव्हता. केतकीला आठवा महिना लागला होता. माझा जीव टांगणीला लागला होता.

आमचं गारवडे डोंगरमाथ्यावर आहे. दिवाळीनंतर गवतावरचं दव गोठलं की उन्हाळी चाकं जागची हलत नाहीत, मग सगळे ती काढून माळ्यावर टाकतात आणि हिवाळी बसवतात. हिवाळी चाकाला नवा रस्ता दाखवायचा तर गाडी बंद ठेवून त्या रस्त्याने एकदा हाताने ढकलत न्यावी लागते. एवढं केलं की ते कायमचं शिकतं. आम्हीही ढकलली असती, पण तालुक्याला जाताना घाट उतरावा लागतो आणि उतारावर ढकलायला मनाई आहे. चढावर परवानगी आहे. बस होती म्हणा, पण कळा काही बसच्या वेळा बघून येत नाहीत.

चाक कार्यालयात खैरे साहेब बसतात. त्यांनी आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि नापसंतीने मान हलवली.

"बुटकी गाडी, दोन दारं, पाच नटांची रुंद चाकं. घेताना विचार केला नाहीत?"

"तेव्हा लग्न झालं नव्हतं."

"म्हणजे रस्ते कमी होते," असं म्हणून साहेब मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. पहिला जोड छान बसत होता, पण त्याला फक्त द्राक्षबाग आणि कुणाची तरी सासुरवाडी ठाऊक होती. दुसऱ्याची तीन चाकं हॉस्पिटलला जात होती.

"आणि चौथं?"

"पत्त्यांच्या क्लबात."

"मग गाडी कुठे जाते?"

"मधे," साहेब म्हणाले. "मागच्या वर्षी एक गृहस्थ होळीपर्यंत मधेच होते. जेवणाचे डबे पोचवले आम्ही."

माझा चेहरा बघूनच बहुधा साहेबांनी ओगले बाईंचं नाव सांगितलं.

मंदाकिनी ओगले म्हणजे चित्रकलेच्या ओगले सरांच्या पत्नी. सर गेल्याच हिवाळ्यात वारले. त्यांची चाकं बाईंनी पडवीत जुन्या चादरीखाली ठेवली होती.

"बसतील. यांची गाडी हीच होती," बाई म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर हौस केली. मी म्हटलं, मागे धड बसता येत नाही. तर म्हणाले, मागे कुणाला बसवायचंय?"

"हॉस्पिटलला जातात का, काकू?"

"एकदा गेलीत. यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा यांना आत बसवून जुन्या विद्यार्थ्यांनी ढकलत नेलं. घाटात गाडी त्यांच्या हातून सुटली. हे पोचले आधी, मुलं मागाहून. त्यानंतरच तर ती मनाई आली."

"आणि परत यायचा रस्ता?"

"तो नाही येत. हे परत आले नाहीत ना. चाकं टेम्पोतून आली."

मला ती चाकं नको होती, हे सरळ सांगतो. जी जाऊन परत आली नाहीत त्यांच्यावर मी माझी बायको बसवू? खैरे साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, परतीचं परतताना बघायचं असतं, आधी बघायची पद्धत नाही. केतकीला विचारलं.

"मला पोचायचंय, श्रीरंग. पोचवतील ती बसव."

चाकं बसली. मात्र त्यांचा रस्ता ओगल्यांच्या फाटकापासून सुरू होत होता, म्हणून गाडी तिथे ठेवली, आणि गाडी तिथे म्हणून केतकीही तिथे. काकूंनी पुढची खोली झाडून दिली. मी रोज कामावरून आलो की आधी चाकांची हवा बघायचो, मग केतकीकडे बघायचो. या क्रमावरून दोघी मला चिडवायच्या.

कळा सुरू झाल्या त्या माझ्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मेथी निवडताना. काकूंनी फाटक उघडलं. मी गाडी सुरू केली आणि चाकं निघाली. घाटात, ज्या वळणावर सरांची गाडी सुटली असणार, तिथे त्यांनी वेग घेतला. मी ब्रेकवर उभाच राहिलो, पण ती काही ऐकेनात. केतकी माझ्यावर ओरडली, मी देवाच्या नावाने ओरडलो आणि आम्ही पोचलो. चाकं प्रसूतीच्या बाजूला वळलीच नाहीत, हृदयरोगाच्या दारात जाऊन थांबली. तिथल्या डॉक्टरांनी आधी मलाच झोपवलं. केतकीला स्ट्रेचरवरून पलीकडे नेलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या, आणि माझी खरी काळजी तेव्हा सुरू झाली. घरी सोडायच्या दिवशी मी पार्किंगमध्ये जाऊन किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, चाकं ढिम्म. आपण आता इथलेच, असं वाटून मला रडू आलं.

तेवढ्यात सकाळच्या बसने काकू आल्या. त्यांच्यामागून सरांचे विद्यार्थी उतरले, चांगले टक्कल पडलेले, पोट सुटलेले, आणि सगळे शरमल्यासारखे खाली बघत होते.

"चढाला परवानगी आहे ना?" काकूंनी विचारलं.

"आहे."

"मग स्टीअरिंग मी धरते. आणि या वेळी सोडायची नाही रे कुणी."

केतकी बाळाला घेऊन मागे अंग चोरून बसली. आम्ही ढकलायला लागलो. घाटात दम लागला, पायांत गोळे आले, एकाचा चष्मा फुटला. कुणी हात काढला नाही. बसेस हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या. अंधार पडायच्या आत गाडी ओगल्यांच्या फाटकात शिरली. विद्यार्थ्यांनी तरीही हात काढले नाहीत, काकूंनी सांगितल्यावर काढले.

"शिकली," काकू म्हणाल्या, आणि बराच वेळ खाली उतरल्या नाहीत.

बाळाच्या बारशानंतर एका सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून पडवीत उभ्या होत्या.

"श्रीरंग, मला हॉस्पिटलला नेशील?"

"काकू, काय होतंय?"

"काही होत नाहीये."

"मग कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही रे. जाऊन परत यायचंय."

मी गाडी काढली. काकू पुढच्या सीटवर बसल्या. आम्ही गेलो, हृदयरोगाच्या दारात थोडा वेळ थांबलो, कँटीनमध्ये चहा घेतला आणि परत आलो.