मॅव्हिस सकाळीच गेली

ब्रॉडबँड कंपनीचं पत्र आलं तेव्हा गॉर्डन हॉलरॉइड टोस्टला लोणी लावत होता. एप्रिलपासून महिन्याला चार पौंड वाढ. करार चोवीस महिन्यांचा, त्यातले अकरा अजून बाकी.

"म्हणजे मी बांधलेला आणि ते मोकळे?" त्याने सुरी आपटली.

"बारीक अक्षरात लिहिलेलं असणार. तू वाचतोस कुठे!" मॅव्हिस कोटाची बटणं लावत म्हणाली. "मी निघते. बस चुकली तर तुझंच डोकं खाईन."

ती तीन दिवसांसाठी बहिणीकडे, साउथपोर्टला निघाली होती.

गॉर्डनच्या रागाला कारण होतं. टॉडमॉर्डन गावातल्या निम्म्या घरांत टेलिफोनची तार त्यानेच नेली होती. तेव्हा कुणाचा फोन बंद पडला की माणसं त्याला रस्त्यात गाठायची आणि तोही सायकल वळवून जायचा. मॅव्हिस एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. खांबावर चढून त्याने तपासणीचा फोन जोडला की कानात तिचा आवाज यायचा, "कोणता नंबर हवा?" ती कामाला लागली त्या वर्षी गॉर्डनला चांगल्या चालणाऱ्या तारांमध्येही बिघाड सापडू लागले होते. लग्नानंतर घरात फोन आला तो त्याने स्वतः जोडला, आणि तोच नंबर आजवर चालू होता.

त्याने कंपनीला फोन लावला. पन्नास मिनिटं होल्डवरची बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"खातं मॅव्हिस हॉलरॉइड यांच्या नावावर आहे. मला त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"ती गेली."

"कधी?"

"आज सकाळीच."

मुलीचा आवाज एकदम मऊ झाला. "फार वाईट वाटलं, मिस्टर हॉलरॉइड. अचानक?"

"अचानक कसलं! महिनाभर तयारी चालली होती तिची."

"त्यांना आता शांतता लाभली असेल."

"शांतता? तिथे तिची बहीण आहे! दोघी भेटल्या की तोंडाला खळ नसतो."

मुलीने नाक ओढल्याचं गॉर्डनला ऐकू आलं. "तुम्ही आता एकटेच असाल."

"हो. पण खरं सांगू का पोरी, बरं वाटतंय. टीव्हीचा रिमोट माझ्या हातात आहे."

"दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका. करार आम्ही आजच बंद करतो. दंड वगैरे काही नाही."

गॉर्डनने छाती फुगवून फोन ठेवला. माणसाने ठाम बोललं की कंपन्या कशा वठणीवर येतात, हे त्याने आरशातल्या गॉर्डनलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट गेलं आणि पाठोपाठ फोनही मेला. गॉर्डन भाजीच्या वाफ्यावर गेलेला असताना कंपनीने पाठवलेली पांढरी लिली आली. दार बंद पाहून माणसाने ती शेजारच्या बेरिलकडे ठेवली. बेरिलने कार्ड वाचलं, पायरीवर बसून रडून घेतलं आणि तशीच चॅपलमध्ये गेली. संध्याकाळपर्यंत रविवारच्या प्रार्थनेच्या यादीत मॅव्हिसचं नाव चढलं होतं.

गॉर्डन परतला तर दारात शेजाऱ्यांनी ठेवलेली हॉटपॉटची, म्हणजे मटण-बटाट्याच्या रश्श्याची, तीन भांडी. मॅव्हिसच सगळ्यांना सांगून गेली असेल, असं समजून त्याने एक भांडं तिथल्या तिथे संपवलं. बेकरीवाल्याने पावाचे पैसे घेतले नाहीत. बेरिलने रस्त्यात त्याचा दंड धरला.

"धीर धर, गॉर्डन."

"अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," तो हसून म्हणाला.

बेरिलचा चेहरा पांढराफटक पडला. त्या रात्री ती लिली आणि विणकाम घेऊन त्याच्याकडे येऊन बसली आणि जाताना त्याचा दाढीचा वस्तरा पर्समध्ये घालून घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी मॅव्हिस बसमधून उतरली. थांब्यावर उभ्या असलेल्या बेरिलच्या हातून दुधाची बाटली निसटली. पुढचा अर्धा तास मॅव्हिस स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकत होती.

"मी मेले, आणि तू हॉटपॉट खात बसलास?"

"मला कुठे माहीत होतं!"

"लिलीसुद्धा धड पाण्यात ठेवली नाहीस."

बेरिलचा मोबाइल स्पीकरवर ठेवून तिने कंपनीला फोन केला. "मी मॅव्हिस हॉलरॉइड. मी जिवंत आहे."

"अभिनंदन," तीच मुलगी म्हणाली, आणि मग मनापासून रडली. पण बंद खातं उघडता येत नव्हतं. मॅव्हिसला नवीन ग्राहक व्हावं लागणार होतं. जुना नंबर परत मिळेल. नव्या ग्राहकांचा दर मात्र आधीपेक्षा नऊ पौंडांनी कमी होता.

"नऊ!" गॉर्डनने मागून टेबलावर थाप मारली.

"बाहेर केलेले कॉल त्यात धरायचे का?" मुलीने विचारलं. " नाहीतर मिनिटाला वीस पेन्स पडतील."

"नको, नको! आपल्याला कुणाला फोन करायचाय?"

पुन्हा चोवीस महिने. आठवड्याने फोन जिवंत झाला, आणि त्याच सकाळी गॉर्डनच्या नावाने व्हिटबीहून पत्र आलं. जॉयसचं. ती एकेकाळी मॅव्हिसच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी ऑपरेटर. एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी शेवटचा कॉल कुणी जोडला, यावरून दोघींचं बिनसलं होतं. त्याला पन्नास वर्षं होत आली होती.

मॅव्हिसने पत्र मोठ्याने वाचलं. "गॉर्डन, प्रार्थनेच्या यादीतलं नाव भाचीने कळवलं. शेवटचा कॉल मॅव्हिसनेच जोडला होता. मला ते तेव्हाच माहीत होतं. तिला सांगायचं राहून गेलं."

तिने पत्राखाली लिहिलेला नंबर फिरवला.

"जॉयस? मी मॅव्हिस."

पलीकडची किंकाळी गॉर्डनला स्वयंपाकघरात ऐकू आली.

"नाही गं, मेले नाही! कंपनीने मारलं होतं. हो, मिळालं तुझं पत्र... अगं, रडतेस काय, बावळट!" आणि मग ती स्वतःच रडायला लागली, की हसायला, ते त्याला कळेना.

वीस मिनिटांनी गॉर्डनने घड्याळाकडे पाहिलं. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि त्याने तोंड उघडलं. मॅव्हिस भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून, आणि एक्स्चेंजमधल्या पोरींच्या खोलीतल्या कुठल्याशा हिवाळ्याबद्दल बोलत होती. गॉर्डनने तोंड मिटलं. आत जाऊन त्याने खुर्ची आणली, तिच्या मागे सरकवली आणि चहाचं आधण ठेवायला वळला.