हासू नोको, माप चुकते

धाड गावातल्या आमच्या शाळेतले कर्कटक महिन्यातून दोनदा नाहीसे व्हायचे आणि शेजारच्या नानाजींच्या ओसरीवर कोणाच्या तरी नाकाला टेकलेले सापडायचे.

नानाजी नागपुरात एका दातांच्या डॉक्टरकडे दहा वर्षे कंपाउंडर होते. वाकडे दात तारेने बांधून मागे ओढायची विद्या त्यांनी तिथून आणली. पण तारेआधी चेहऱ्याचे माप. कपाळ, नाक, हनुवटी असे तीन भाग करायचे आणि त्यांत जेवढा फरक, तेवढे शंभरातून गुण वजा. पोरे दात दाखवायला यायची आणि आपण किती देखणे ते ऐकून जायची. कोणी फिसकन हसले की नानाजी खेकसत, "हासू नोको बे, माप चुकते."

मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी तेव्हा नागपूर. नागपुरी विद्येवर शंका कोण घेणार? तरी गावात गोंधळ उडालाच. ज्याला पाहून म्हशी बुजत, तो सखाराम एक्याण्णव गुणांनी पहिला आला. मला, शाळेच्या मास्तराला, बासष्ट मिळाले. दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही.

मग नानाजींच्या लेकीला, वत्सलेला, वडनेर भोलजीचे स्थळ आले. पोरगी आईवेगळी, भारी हसरी, पुढचे दोन दात ओठांबाहेर. दात आत घ्या, मग लग्नाचे बोलू, असा तिकडून निरोप आला. काम नानाजींच्या हातचे, पण आठ दिवस झाले तरी तार डबीतच.

एका सकाळी त्यांनी मला बोलावले. "मास्तर, हे पोरगी एकशे चार भरून राह्यली. चारदा बेरीज केली. तुमीच मापा."

शंभरातून एकशे चार कसे, हे मला कळेना. वत्सला माझ्याच हाताखाली शिकलेली, मुकाट्याने समोर बसली. मी मापले, वजाबाक्या केल्या. त्रेचाळीस आले. नानाजी कागदाकडे बघतच राहिले. माझेच चुकले असते तर बरे, असे मला फार वाटले.

"तार लावल्यावर हासता येते का?" वत्सलेने विचारले.

सालभर तरी नाही, असे नानाजी म्हणाले.

"मंग तुमाले घरात करमीन का?"

नानाजींनी तारेची डबी फडताळात टाकली आणि माझ्यापुढे कार्ड सरकवले. वडनेरचे कार्ड मीच लिहिले: मुलीचे दात आहेत तसेच राहतील. त्यांनी खाली सही केली, कर्कटक माझ्या खिशात घातले आणि लेकीकडे वळले.

"हास वं माय. माप झालं."