माफीचा आठवडा

रविवारच्या उपासनेला चोवीस तास उलटायच्या आत पहिली माफी दारात येऊन उभी राहिली. लेक कांदा चिरत होती. दार उघडलं तर समोर टेलरकाकू, गळ्यात मापाची टेप तशीच.

झालं होतं असं, की पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं, पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, त्याआधी ज्याचं मन दुखवलं असेल त्याच्याशी समेट करून या. हे ते दरवर्षी सांगत आणि मंडळी दरवर्षी मान डोलावून घरी जेवायला जात. या वेळी मात्र तीनच आठवड्यांपूर्वी आई गेली होती. तीस वर्षं चर्चचा ऑर्गन वाजवणारी बाई अशी उभ्या उभ्या गेली म्हटल्यावर समेट उद्यावर ढकलू नये, हे सगळ्यांनाच पटलं. आईकडे आता जाता येत नव्हतं. म्हणून सगळे लेकीकडे आले.

"तुझ्या आईबद्दल मी एक बोलायचे," टेलरकाकू म्हणाल्या. "म्हणजे सगळ्या क्वायरमध्येच बोलायचे. की ही बाई गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी वाजवते."

लेकीने माफ केलं. कांद्याने तिचे डोळे आधीच वाहत होते. काकूंचा त्यावरून गैरसमज झाला आणि त्या दुप्पट रडल्या. जाताना त्यांनी हेही सांगून टाकलं, की या विनोदाला सगळ्यात मोठ्याने हसायच्या त्या नर्समावशी.

लेक त्यांना सारखी हळू बोलायला सांगत होती, कारण आतल्या खोलीत बाबा होते. अंत्यविधीनंतर ते त्या खोलीतून फारसे बाहेर आलेच नव्हते. त्या दिवशी अकरा जणांनी भाषणं केली होती. आई शांत होती, सोशिक होती, तिने कधी आवाज चढवला नाही. घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं होतं, "आपण चुकीच्या अंत्यविधीला तर नाही ना बसलो?" आणि दार लावून घेतलं होतं. चर्चचं नाव काढलं की ते भिंतीकडे बघत. तीन आठवडे विनवल्यावर या प्रभुभोजनाला येण्याबद्दल ते "पाहू" म्हणाले होते. आईची असली निंदा कानावर गेली तर ते "पाहू"सुद्धा जाईल, ही लेकीची धास्ती होती.

मंगळवारी नर्समावशी आल्या. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे हळू बोलणं ही गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. आपण मोठ्याने हसलो नाही, हे त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मात्र तुझी आई तापट होती, तिने एकदा तालमीत मागच्या रांगेवर गीतांचं पुस्तक फेकलं होतं, हे आपण बऱ्याच जणांना सांगितलं, त्याची माफी असावी. लेकीने तीही दिली. मावशींना इतकं हलकं वाटलं, की त्या तशाच बेकरीवाल्या काकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दर शनिवारी प्रेमाने देता तो पाव मी सहा वर्षं शेजारच्या कुत्र्याला घालते आहे, मला क्षमा करा.

काकांनी क्षमा केली. प्रभुभोजनाची भाकर त्यांच्याच बेकरीतून येत असे. ती या वेळी दुसरीकडून बघा, एवढं मात्र पाळकसाहेबांना कळवलं. मग आपलंही मन स्वच्छ असावं म्हणून ते टेलरकाकूंकडे गेले. आपल्या मुलाच्या लग्नात त्यांनी शिवलेल्या कोटाची एक बाही जुन्या करारातली आणि दुसरी नव्या करारातली आहे, असं आपण आजवर गावभर सांगत आलो, हे त्यांनी कबूल केलं. टेलरकाकूंनी क्षमा केली आणि क्वायर सोडलं.

क्षमा करून मोकळा झालेला प्रत्येक माणूस नंतर लेकीकडे येऊन दुसऱ्याची तक्रार करू लागला. बुधवारी आतलं दार बोटभर उघडं दिसलं. तिने हळूच लोटलं. गुरुवारी ते वीतभर उघडलं. कडी सैल झाली असेल म्हणून तिने फटीत कागदाची घडी अडकवली. शुक्रवारी घडी खाली पडली होती.

शनिवारी स्वतः पाळकसाहेब आले आणि धपकन खुर्चीत बसले. भाकर नाही, क्वायर नाही, नऊ घरांचा एकमेकांशी अबोला. "गेल्या रविवारपर्यंत निदान बोलत तरी होती माणसं," ते म्हणाले. मग बराच वेळ टोपीशी चाळा करून त्यांनी आपली गोष्ट काढली. बोटं दुखत असतील तर ऑर्गन आता कोणा तरुणाला द्यावा, असं त्यांनी आईला सुचवलं होतं.

"आणि मग ती दोन महिने तुमच्याशी बोलली नाही," आतून आवाज आला.

दारात बाबा उभे होते. त्यांच्या मागे, दाराला अगदी लागून, त्यांची खुर्ची.

"तीन," पाळकसाहेब म्हणाले.

"घरात तुम्हाला काय नाव ठेवलं होतं तिने, ते विचारू नका." बाबा लेकीकडे वळले. "अंत्यविधीला अकरा जण बोलले. त्या बाईला मी कधी भेटलो नव्हतो. या आठवड्यात तुझी आई घरी आली. माझा कोट इस्त्री कर."

रविवारी चर्चमध्ये एका बाकावर एक माणूस, अशी मांडणी होती. बाबा आत आले तेव्हा पाठीवर हात ठेवायला कोणीही उठलं नाही, कारण उठायचं तर नको त्या माणसासमोरून जावं लागलं असतं. बाबांना ते फार बरं वाटलं. पुढे टेबलावर पांढरं कापड आणि रिकामी थाळी. पाळकसाहेब सुरुवात कुठून करावी या विचारात होते, तेवढ्यात बाबाच उभे राहिले.

"तुम्ही सगळे येऊन गेलात. मी दाराआडून ऐकलं, त्याची माफी आधी. दुसरी मोठी आहे. उपासनेहून घरी गेल्यावर ती तुमच्याबद्दल बोलायची आणि मी पोट धरून हसायचो. बऱ्याचदा मीच काढायचो विषय. आता तिच्या वाटणीची माफीही मलाच मागायला हवी. उद्यापासून एकेकाच्या घरी येतो."

मग मागून बेकरीवाल्या काकांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणायच्या?"

"असं उभ्या उभ्या नाही सांगता येणार. बसावं लागेल."

"आणि माझ्याबद्दल?" नर्समावशींनी, हातवाऱ्यांवरून अंदाज बांधून.

"तुमच्याकडे मी जेवायलाच येतो."

टेलरकाकूंना हसू आवरेना. काकांनी तोंड वाकडं केलं, घड्याळ पाहिलं, आणि भाकर आणायला गेले. त्यांना वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात एका बाकावर एकट्याने बसणं कोणालाच जमलं नाही; आपल्याबद्दल काय बोलल्या असतील, याचा अंदाज शेजाऱ्याला विचारल्याशिवाय येणं शक्य नव्हतं.

सोमवारी बाबा सकाळी नऊला निघाले. तेवीस घरं होती. संध्याकाळी परतले तेव्हा कोटावर पीठ होतं.

"किती घरं झाली?" लेकीने विचारलं.

"एक. तेही अर्धं. उरलेलं परवा."

ती हसली. मग पाठमोरी होऊन थोडा वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्याबद्दल काय म्हणायची आई?"

बाबांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, आणि समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली.